स्पॅनिशमध्ये 'कोणी', 'काही', 'कधीच नाही' कसं म्हणायचं: मराठीतून थेट शिकायची पद्धत

स्पॅनिश शिकणाऱ्या आपल्यापैकी बहुतेक जण ती इंग्रजीतून शिकतात, ॲप इंग्रजीत, व्हिडिओ इंग्रजीत, पुस्तकंही इंग्रजीतच. त्यामुळे 'काही नाही', 'कोणी नाही' या धड्यावर आलं की तिथे पहिली सूचना असते ती 'डबल निगेटिव्ह'ला घाबरू नका म्हणून. मग आपणही उगाच घाबरतो. खरं तर ही सूचना आपल्यासाठी नाहीच, कारण 'कोणीच आलं नाही' असं आपण जन्मापासून बोलतोय आणि त्यात दोन नकार झाले म्हणून 'सगळे आले' असा अर्थ कोणी काढत नाही. स्पॅनिशचंही तसंच आहे. आपल्या चुका वेगळ्या जागी होतात, त्या जागा मराठीमुळे ठरतात आणि इंग्रजी पुस्तकात त्यांचा उल्लेखही नसतो, म्हणून हा लेख त्या जागा धरूनच लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत आहेत, उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरलाय. लिहिताना व्ही असतो तिथे बोलताना साधारण ब ऐकू येतो म्हणून मी ब लिहिलाय, आणि एकटा एच उच्चारत नाहीत ('हामास' सारख्या शब्दात जो ह दिसेल तो स्पेलिंगमधल्या जे चा). स्पेलिंग मात्र तुमच्या पुस्तकातूनच बघा.

पायरी १: जोड्या पाठ करा, पण जोडीनेच

आल्गो (काहीतरी) – नादा (काहीच नाही)
आल्ग्येन (कोणीतरी) – नाद्ये (कोणीच नाही)
आल्गुनो (एखादा, काही) – निंगुनो (एकही नाही)
स्येम्प्रे (नेहमी) – नुंका, हामास (कधीच नाही)
ताम्ब्येन (पण, सुद्धा) – ताम्पोको (पण नाही, सुद्धा नाही)
ओ... ओ (एकतर हे नाहीतर ते) – नी... नी (ना हे ना ते)

जोडीने का म्हणतोय, तर मराठीत हा शब्द बदलतच नाही. 'घरात कोणी आहे का?' – 'नाही, घरात कोणी नाही.' दोन्हीकडे 'कोणी' तोच, फक्त क्रियापद बदललं. स्पॅनिशमध्ये क्रियापदाला नकार लागला की हा शब्दही बदलावा लागतो. प्रश्न: 'आय आल्ग्येन एन कासा?' उत्तर: 'नो, नो आय नाद्ये.' मराठी डोक्याने बोलणारा माणूस इथे हमखास 'नो आय आल्ग्येन' म्हणून जातो, कारण त्याच्या दृष्टीने 'कोणी' हा शब्द एकच आहे ना. तर ही आपली पहिली खास चूक, आणि ती जायला एकच उपाय आहे, प्रश्न आणि त्याचं नकारार्थी उत्तर असं दोन्ही मोठ्याने बोलायचं. 'क्येरेस आल्गो?' (काही हवंय का?) 'नो, नो क्येरो नादा.' 'कोनोसेस आ आल्ग्येन आकी?' (इथे कोणाला ओळखतोस का?) 'नो, नो कोनोस्को आ नाद्ये.' जोडीतला एक शब्द प्रश्नात, दुसरा उत्तरात, असं तोंडात बसलं की विचार करावा लागत नाही.

पायरी २: क्रियापदाच्या आधी नकार हवाच, पण नकाराचा दुसरा शब्द तिथे असेल तर 'नो' नको

हा नियम नीट समजला की बाकी सगळं सोपं जातं म्हणून इथे जरा थांबू.

मराठीत नकार शेवटी येतो, क्रियापदाच्या मागे: 'माझ्याकडे काही नाही.' स्पॅनिशमध्ये तो क्रियापदाच्या पुढे उभा असतो: 'नो तेंगो नादा.' क्रियापदाच्या डावीकडे 'नो' आहे म्हणून उजवीकडे 'नादा' चालतं. नुसतं 'तेंगो नादा' म्हटलं तर वाक्य चुकलं, कारण डावीकडे नकाराची काहीच खूण नाही.

आता हाच नकारार्थी शब्द उचलून क्रियापदाच्या डावीकडे ठेवला तर? मग 'नो' जातो. कोणी आलं नाही हे दोन प्रकारे म्हणता येतं: 'नो बिनो नाद्ये' किंवा 'नाद्ये बिनो'. दोन्ही बरोबर, अर्थ तोच. आणि इथे आपली दुसरी खास चूक होते. मराठीत 'कोणीच आलं नाही' मध्ये 'नाही' कुठेच जात नाही, काहीही करा ते लागतंच, त्यामुळे आपण 'नाद्ये नो बिनो' असं बोलून टाकतो. आजच्या स्पॅनिशमध्ये ते चुकीचं धरतात. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ही रचना लिहिलेली सापडते, म्हणजे त्या भाषेला ती परकी नव्हती, पण नंतर ती प्रमाण भाषेतून गेली. तेव्हा वाक्य बोलून झालं की तपासा, क्रियापदाच्या डावीकडे नकाराचा शब्द आहे का? नसेल तर 'नो' घाला. डावीकडे नाद्ये, नुंका, नादा, निंगुनो, ताम्पोको यातलं काही आधीच आहे? मग 'नो' काढा.

उजवीकडे मात्र कितीही नकारार्थी शब्द येऊ देत. हे वाक्य बघा:

तो कधीच कोणाला काहीच सांगत नाही.
नुंका ले दिसे नादा आ नाद्ये.

मराठीत कधीच, कोणाला, काहीच आणि नाही, चारही आहेत. स्पॅनिशमध्ये नुंका, नादा, नाद्ये. 'नाही'चं काम 'नुंका'ने केलं कारण तो क्रियापदाच्या आधी बसलाय. त्याला मागे ढकललं तर 'नो' परत येतो: 'नो ले दिसे नुंका नादा आ नाद्ये.' हेच वाक्य इंग्रजीतून करायला गेलात तर आधी नेव्हर, मग एनीथिंग, मग एनीवन, आणि त्या एनीचं स्पॅनिशमध्ये काय करायचं याचा गोंधळ. मराठीतून केलं तर एकेक शब्द जागच्या जागी बसतो. १७१३ साली माद्रिदमध्ये स्थापन झालेली रिआल आकादेमिया एस्पान्योला, म्हणजे स्पॅनिशच्या नियमांसाठी जिच्याकडे बघतात ती संस्था, तीसुद्धा सांगते की हे दोन नकार एकमेकांना खोडत नाहीत, ही भाषेची नेहमीची रचनाच आहे.

वाक्यात छोटी सर्वनामं (मे, ते, ले, लो वगैरे) असली तर 'नो' त्यांच्याही आधी येतो, आणि 'आ दीचो' सारखं दोन तुकड्यांचं क्रियापद असलं तर त्याच्या मध्ये काही घुसवायचं नाही. 'मला हे कोणी सांगितलं नाही' = 'नो मे लो आ दीचो नाद्ये.' किंवा 'नाद्ये मे लो आ दीचो.'

कुठला शब्द पुढे आणायचा याचाही एक कल असतो. नुंका, ताम्पोको आणि नाद्ये पुढे आणणं अगदी रोजचं. 'नादा' कर्ता असेल तर तोही येतो, 'नादा फुन्स्योना' (काहीच चालत नाहीये). पण 'मला काही नको' यासाठी 'नादा क्येरो' म्हटलं तर ते कवितेतलं वाटेल, बोलताना 'नो क्येरो नादा' च म्हणा.

पायरी ३: 'तरी' असेल तर आल्गो ठेवा

वर म्हटलं की नकार आला की आल्गो, आल्ग्येन बदलतात. पण ही दोन वाक्यं बघा: 'कोणी पैसे दिले नाहीत' आणि 'कोणीतरी पैसे दिले नाहीत'. दुसऱ्यात बाकीच्यांनी दिलेत, एक कोणीतरी राहिलाय. स्पॅनिशमध्ये पहिलं 'नाद्ये पागो' आणि दुसरं 'आल्ग्येन नो पागो'. तसंच 'नादा फुन्स्योना' म्हणजे सगळंच बंद, आणि 'आल्गो नो फुन्स्योना' म्हणजे काहीतरी एक बिघडलंय. मराठीतला 'तरी' इथे एकदम नेमकी खूण देतो, मनात 'तरी' येत असेल तर आल्गो किंवा आल्ग्येन जसाच्या तसा ठेवायचा आणि तो 'नो'च्या आधी.

पायरी ४: माणसांना 'आ', आपल्या 'ला' सारखा

इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा पर्सनल आ फार छळतो, आपल्याला छळायचं कारण नाही. 'मी पुस्तक बघतो' पण 'मी मुलाला बघतो', माणूस आला की मराठी आपोआप 'ला' लावते. स्पॅनिश तिथे 'आ' लावते, फक्त शब्दाच्या आधी. म्हणून:

मला काही दिसत नाही: नो बेओ नादा.
मला कोणी दिसत नाही: नो बेओ आ नाद्ये.

दुसऱ्या मराठी वाक्यात 'कोणी'ला 'ला' नाही, तरी स्पॅनिशमध्ये 'आ' आहे हे लक्षात आलं असेल, कारण 'बेओ' म्हणजे 'मी बघतो' आणि बघायचं झालं तर आपणही 'कोणालाच बघत नाही' म्हणू. तेव्हा मराठी वाक्य नाही, स्पॅनिश क्रियापद बघून ठरवायचं. आल्ग्येन आणि नाद्ये कर्म असतील तर 'आ' लागतोच, अपवाद 'आय' (आहे/आहेत) चा, तिथे लागत नाही, 'नो आय नाद्ये'.

आवडण्याच्या वाक्यातही हीच गंमत. 'कोणालाच हरायला आवडत नाही' = 'आ नाद्ये ले गुस्ता पेर्देर'. 'आ नाद्ये' पुढे आला म्हणून 'नो' गेला, पायरी २ चाच नियम.

पायरी ५: आल्गुनो आणि निंगुनो, म्हणजे 'काही पुस्तकं' आणि 'एकही पुस्तक नाही'

मराठीत 'काही' दोन कामं करतो. 'काही हवंय का?' मध्ये तो एकटा आहे, तिथे आल्गो. 'काही पुस्तकं' मध्ये तो नामाला चिकटलाय, तिथे आल्गुनो आणि त्याची रूपं, 'आल्गुनोस लिब्रोस'. 'आल्गो लिब्रोस' नाही. एकटा की नामाबरोबर, एवढंच बघायचं.

रूपं लिंगावचनाप्रमाणे बदलतात: आल्गुनो, आल्गुना, आल्गुनोस, आल्गुनास. पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी मात्र शेवटचा ओ गळतो: आल्गून लिब्रो, निंगून लिब्रो. लिहिताना यातल्या यू वर तिरकी रेघ द्यायची, ती विसरू नका. नाम नसेल तर पूर्ण रूप: 'निंगुनो'.

आता महत्त्वाचं. निंगुनो जवळपास नेहमी एकवचनात येतो. यासाठी नियम पाठ करायची गरज नाही, 'एकही पुस्तक नाही' आठवा. आपण 'एकही पुस्तकं नाहीत' म्हणतो का? नाही ना. मग 'नो तेंगो निंगून लिब्रो'. प्रश्न अनेकवचनात असला, 'त्येनेस आल्गुनोस लिब्रोस?', तरी उत्तर एकवचनातच, 'नो, नो तेंगो निंगुनो'. आणि साधं 'माझ्याकडे पुस्तकं नाहीत' म्हणायचं असेल तर निंगुनो लागतच नाही, 'नो तेंगो लिब्रोस' पुरतं. निंगून लावला की 'एकही' वाला जोर येतो, अगदी मराठीसारखाच. अनेकवचन फक्त अशा नामांना जी अनेकवचनातच वापरतात: गानास (इच्छा), तिहेरास (कात्री). 'मला अजिबात इच्छा नाही' = 'नो तेंगो निंगुनास गानास'.

गटातलं कोणी म्हणायचं असेल तर आल्ग्येन, नाद्ये नाही तर आल्गुनो, निंगुनो वापरा, पुढे 'दे'. 'त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नाही' = 'निंगुनो दे एयोस लो साबे.' क्रियापद एकवचनी. गट सगळा बायकांचा असेल तर निंगुना दे एयास.

वाचताना एक जागा अडकवते: आल्गुनो नामाच्या मागे आला तर अर्थ नकारार्थी होतो. 'सिन दुदा आल्गुना' म्हणजे कसलीही शंका नाही. बोलताना स्वतः वापरायची घाई करू नका, पण बातमीत, पत्रात दिसलं तर उलटा अर्थ घेऊ नका.

पायरी ६: 'पण' ची सगळ्यात जास्त होणारी चूक

'मला पण आवडतं' आणि 'मला पण नाही आवडत'. मराठीला दोन्हीकडे 'पण' चालतो. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ताम्ब्येन, दुसऱ्याला ताम्पोको. 'ताम्ब्येन नो' असं जोडून म्हणू नका, उत्तर देताना तर नकोच.

– नो मे गुस्ता एल फ्रिओ. (मला थंडी आवडत नाही.)
– आ मी ताम्पोको. (मला पण नाही.)

– नो आब्लो फ्रान्सेस. (मी फ्रेंच बोलत नाही.)
– यो ताम्पोको. (मी पण नाही.)

'आ मी' की 'यो'? मराठीत उत्तर 'मला पण' येतंय की 'मी पण', तेच बघा, बहुतेक वेळा जुळतं. समोरच्याशी मत जुळत नसेल तर 'आ मी सी' (मला आवडते) किंवा 'आ मी नो' (मला नाही). हे चार छोटे तुकडे, ताम्ब्येन, ताम्पोको, सी, नो, गप्पांमध्ये इतके लागतात की मी तर म्हणेन बाकी सगळ्याच्या आधी हेच घोटा. पूर्ण वाक्यातही ताम्पोको पुढे असला की 'नो' नाही: 'यो ताम्पोको आब्लो फ्रान्सेस'.

पायरी ७: कधी, कधीच, नेहमी नाही

'तू कधी स्पेनला गेलायस का?' यातल्या 'कधी'ला 'क्वांदो' लावू नका, तो 'केव्हा?' विचारतो. इथे 'आल्गुना बेस' हवं: 'आस एस्तादो आल्गुना बेस एन एस्पान्या?' उत्तर: 'नो, नुंका.' किंवा पूर्ण, 'नुंका ए एस्तादो एन एस्पान्या.' 'कधी कधी' साठी 'आ बेसेस'. हामास म्हणजेही कधीच नाही, फक्त जोर जास्त, आणि अजून जोर हवा असेल तर 'नुंका हामास' असं दोन्ही एकत्र.

'तो नेहमी वेळेवर येत नाही' हे मराठी वाक्य दोन अर्थांचं आहे. कधी येतो कधी नाही असं म्हणायचं असेल तर 'नो स्येम्प्रे येगा आ त्येम्पो', नो आधी. कधीच येत नाही म्हणायचं असेल तर सरळ नुंका. मेक्सिकोत 'स्येम्प्रे नो' असं ऐकलंत तर त्याचा अर्थ 'नेहमी नाही' नसून 'शेवटी नाहीच' असा असतो, म्हणजे ठरलेलं रद्द झालं.

पायरी ८: 'नो' दिसत नाही तरी नकार

'काही न बोलता' मध्ये जसा 'न' आहे तसा स्पॅनिशमध्ये 'सिन' (शिवाय, विना). त्याच्यानंतर नकारार्थी शब्दच येतात: 'साल्यो सिन देसिर नादा' (काही न बोलता निघून गेला). तुलनेतही तसंच, आपण 'कोणाहीपेक्षा छान गाते' म्हणतो, ते म्हणतात 'कान्ता मेहोर के नाद्ये'. 'एस्तोय मास कान्सादो के नुंका' म्हणजे आज जितका दमलोय तितका कधीच नव्हतो. अर्थ नकाराचा वाटत नसला तरी नाद्ये, नुंकाच.

नी... नी सोपं आहे, आपलं ना... ना. 'नो तेंगो नी त्येम्पो नी गानास' (ना वेळ आहे ना इच्छा). सुरुवातीला आलं तर 'नो' नको: 'नी आना नी लुइस आब्लान इंग्लेस', क्रियापद इथे सहसा अनेकवचनी. आणि 'साधं सुद्धा नाही' साठी 'नी सिक्येरा': 'नी सिक्येरा मे सालुदो', साधा नमस्कारही केला नाही.

शेवटचा एक घोळ 'ही' चा. 'कोणीही आलं नाही' मधला कोणीही म्हणजे नाद्ये. पण 'कोणीही येऊ शकतं' मधला कोणीही म्हणजे क्वाल्क्येरा: 'क्वाल्क्येरा प्वेदे बेनिर'. नामाच्या आधी, लिंग कुठलंही असो, 'क्वाल्क्येर': क्वाल्क्येर लिब्रो, क्वाल्क्येर कासा. वाक्यात नकार आहे की मोकळीक आहे ते बघून निवडा.

नादा आणि आल्गो विशेषणाबरोबर पण येतात. 'काहीतरी वेगळं' = 'आल्गो दिफेरेन्ते', 'काही नवीन नाही' = 'नादा न्वेबो', विशेषण नेहमी पुल्लिंगी एकवचनात. 'नो एस नादा दिफीसिल' मध्ये नादा म्हणजे 'अजिबात': अजिबात अवघड नाही.

आता स्वतः करून बघा. खालची पाच वाक्यं आधी तोंडाने स्पॅनिशमध्ये बोला, मगच पुढची उत्तरं वाचा. खोलीत कोणी नाही. मला पण काही समजत नाही. त्यांच्यातला एकही जण फोन उचलत नाही. ती कधीच कोणाची वाट बघत नाही. काहीतरी बरोबर नाहीये.

पहिलं, 'नो आय नाद्ये एन ला आबितास्योन', आय आहे म्हणून आ नाही. दुसरं, 'यो ताम्पोको एन्त्येन्दो नादा', मराठीत 'मला' असलं तरी 'समजणे'चा कर्ता स्पॅनिशमध्ये 'यो' असतो. तिसरं, 'निंगुनो दे एयोस कोन्तेस्ता एल तेलेफोनो'. चौथं, 'नुंका एस्पेरा आ नाद्ये', आपण 'कोणाची वाट' म्हणतो पण स्पॅनिशमध्ये माणूस थेट कर्म होतो, म्हणून आ. पाचव्यात 'तरी' होता, म्हणून 'आल्गो नो एस्ता ब्येन', आणि इथे 'नादा' म्हटलं असतंत तर सगळंच बिघडलंय असा अर्थ झाला असता.